बेगमी : घाऊक खरेदीची जुनी गोष्ट

रमजानच्या चार दिवस आधी आमच्या घरी रिक्षा भरून सामान आले. कोंढव्यापासून थोड्या अंतरावर एक गोदामवजा मोठे दुकान आहे. वर नुसते पत्रे, खाली पोत्यांच्या थप्प्या आणि प्रत्येक थप्पीवर लाल अक्षरांतला भाव. भाभी तिथे गेली तेव्हा तिच्या यादीत अकरा जिनसा होत्या. घरी आल्या सव्वीस. दहा किलो बेसन, पाच किलो रवा, दोन किलो तिखट, सरबताच्या सहा बाटल्या. बिलाच्या तळाशी 'तुमची बचत' म्हणून एक आकडा ठळक छापला होता. तो तिने घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

बकरीद आली तोवर बेसनात अळ्या झाल्या होत्या. रव्याला जाळी धरली होती, तिखटाचा रंग उतरला होता. अम्मी काही बोलली नाही. तिने बेसन उन्हात पसरले, चाळले आणि निम्मे टाकून दिले. भाभी थोडी चिडूनच म्हणाली, "मग त्या मोठ्या दुकानात जाऊन घ्यायचे तरी काय?"

प्रश्न घरगुती आहे, पण त्याचे उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो. एकदम जास्त सामान घेऊन ठेवणे ही गोष्ट मॉलच्या जमान्यातली नाही. तिला मोठा इतिहास आहे. त्यात किल्ले आहेत, विणकर आहेत, गिरणगाव आहे आणि अमेरिकेतला एक वकीलही आहे.

बेगम नव्हे, बे-गम

मराठीत या गोष्टीसाठी एक सुंदर शब्द आहे, बेगमी. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. अनेकांना हा शब्द 'बेगम'वरून आला असे वाटते. तसे नाही. फारसीतला 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे निश्चिंती. मराठी माणसाने चिंता नसणे आणि घरात धान्य असणे या दोन गोष्टी एकाच शब्दात बसवल्या. धान्य आहे म्हणजे घोर नाही.

दुकानदारीची आपली निम्मी भाषा याच वाटेने आली आहे. बाजार, दुकान, खरेदी, दर, नफा, जिन्नस, वजन, दलाल, बारदान हे सगळे शब्द फारसी-अरबीतून दख्खनच्या दरबारांमार्गे आणि पेठांमार्गे मराठीत आले आणि इथलेच झाले. सरकारी 'रास्त भाव दुकाना'तला 'रास्त'ही फारसीच आहे. धान्याच्या राशीला आपण 'अंबार' म्हणतो, तोही तिकडचाच.

पन्हाळ्यावर गेलेल्यांनी अंबारखाना पाहिला असेल. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन दगडी कोठ्या. नावे नद्यांची आणि बांधणी विजापूरच्या धाटणीची. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. १६६० साली आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज चार महिन्यांहून अधिक काळ गडावर होते. शौर्याच्या कथा आपण ऐकतो, पण इतके दिवस गडावरच्या माणसांना रोज दोन वेळा जेवावे लागत होते, हे सहसा कोणी सांगत नाही. वेढ्यात तोफेइतकीच कोठारातली रास महत्त्वाची असते.

किल्ल्याची कोठी राजाची, तशी घराची कोठी बाईची. मराठवाड्यात आमच्या दादीच्या घरी भिंतीत बळद होते, परसात पेव होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. त्याला आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा नाही, ओल नाही, म्हणून कीड नाही. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे, कारण आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. त्या पेवात ज्वारीच जायची, ज्वारीचे पीठ कधी नाही. डाळ भरडलेली असली तरी तिला एरंडेल चोळून, उन्हे दाखवून मगच डब्यात. मिरची अख्खी, हळकुंड अख्खे.

यामागचे शहाणपण फार जुने आहे. कुरआनात सूरह यूसुफमध्ये इजिप्तच्या दुष्काळाची कथा येते. सात वर्षे सुकाळाची, त्यानंतर सात दुष्काळाची. हजरत यूसुफ सांगतात की, कापलेले पीक कणसातच राहू द्या, खाण्यापुरते तेवढेच काढा. कथेचा आध्यात्मिक अर्थ मोठा आहेच, पण त्यातला हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. दाणा आपल्या आवरणात असतो तोवर तो टिकतो. भरडला, दळला की त्याचे आयुष्य दिवसांवर येते. भाभीचे बेसन तिथेच फसले होते.

साठा आणि साठेबाजी

इथे एक फरक सांगायला हवा, कारण घाऊक खरेदीचा विषय निघाला की तो नेहमी पुसट होतो. इस्लामी न्यायशास्त्रात 'इहतिकार' हा गुन्हा आहे. भाव चढावेत म्हणून लोकांच्या गरजेचे धान्य दाबून ठेवणे म्हणजे इहतिकार. मध्ययुगीन मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरून वजने, मापे, भेसळ यांवर नजर ठेवत असे आणि अशा साठ्यावरही. मात्र घरच्यांसाठी वर्षाचे धान्य भरून ठेवायला फकिहांनी मनाई केली नाही. पैगंबरांनी आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

म्हणजे प्रश्न पोते किती मोठे आहे हा नाही. ते कोणासाठी भरले आहे, हा आहे. आपल्याकडचा १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदाही मुळात हीच रेघ ओढतो. व्यापाऱ्याच्या साठ्यावर त्यात बंधन येते, घरच्या कणगीवर नाही.

पण ही सगळी बेगमी ज्याच्याकडे शेत आहे किंवा सुगीला हातात पैसा आहे, त्याची. ज्याची मजुरी आठवड्याला मिळते आणि आठवड्यातच संपते, त्याने काय करायचे? या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर दिले ते इंग्लंडमधल्या कामगारांनी, आणि तेही एका गोदामातूनच.

रॉचडेलचे विणकर

मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. फ्लॅनेल विणणाऱ्यांचे गाव. १८४० च्या दशकात तिथले हाल आपल्या मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांना सांगावे लागणार नाहीत. यंत्रांनी हातमाग खाल्ले होते, मजुरी घसरली होती, मजुरीवाढीसाठी केलेले प्रयत्न फसले होते. आठवडाभर दुकानदाराकडून उधारीवर घ्यायचे आणि पगाराच्या दिवशी चुकते करायचे. उधारीवाल्याला भाव विचारण्याचा हक्क नसतो, आणि मालाकडे बोट दाखवण्याचा तर त्याहून नाही. पिठात खडूची भुकटी, चहात वापरून वाळवलेली पाने, वजनात काटामारी हे तिथे रोजचेच होते.

विणकर आणि इतर कारागीर मिळून अठ्ठावीस जणांनी ठरवले की आपले दुकान आपणच काढायचे. आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकत त्यांनी अठ्ठावीस पौंड जमवले. टोड लेन नावाच्या गल्लीत एका गोदामाचा तळमजला भाड्याने घेतला. २१ डिसेंबर १८४४ रोजी संध्याकाळी दुकान उघडले. समोरचे दुकानदार हसले असतील, कारण फळीवर माल होता तो एवढाच : पीठ, ओटचे भरड पीठ, साखर, लोणी आणि थोड्या मेणबत्त्या.

ही यादी पुन्हा एकदा वाचण्यासारखी आहे. भांडवल तुटपुंजे असल्याने चैनीचे काही नव्हतेच, पण त्यांनी निवडलेली प्रत्येक वस्तू प्रत्येक घरात दर आठवड्याला संपणारी होती. पडून राहील असे काही नव्हते. नियमही थोडेच : माल शुद्ध, वजन पूर्ण, व्यवहार रोखीचा. आणि जो नफा होईल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यालाच परत. जगभरातल्या ग्राहक सहकाराचे मूळ याच दुकानात शोधतात. १९०४ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात निघालेल्या ग्राहक संस्थेनेही रॉचडेलचाच कित्ता गिरवला.

सॅन डिएगोचा वकील

आज ज्याला आपण 'वेअरहाऊस स्टोअर' म्हणतो, त्याची गोष्ट मात्र अमेरिकेत घडली. तिचा नायक सोल प्राइस. आडनावच 'किंमत'! १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात कामगार चळवळीचे वारे. शिक्षणाने वकील झाले आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात वकिली करू लागले. १९५४ साली त्यांनी एका रिकाम्या गोदामात 'फेडमार्ट' नावाचे दुकान काढले. सरकारी नोकरांनी थोडी वर्गणी भरून सभासद व्हायचे आणि स्वस्तात माल घ्यायचा, अशी ती योजना होती. दुकान वाढले, त्याच्या शाखा झाल्या. १९७५ मध्ये कंपनी एका जर्मन उद्योजकाच्या हाती गेली आणि थोड्याच काळात प्राइस यांना स्वतः उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती.

१९७६ च्या जुलैत त्यांनी मुलाला बरोबर घेऊन पुन्हा डाव मांडला. सॅन डिएगोच्या मोरेना बुलेवार्डवर विमानांचा एक जुना हँगर होता. तिथे 'प्राइस क्लब' उघडला. वर्षाची वर्गणी पंचवीस डॉलर. सुरुवातीला घरगुती ग्राहकाला प्रवेशच नव्हता. सभासद व्हायचे ते छोट्या धंदेवाल्यांनी. कोपऱ्यावरचा खानावळवाला, किराणावाला, छोटे कार्यालय चालवणारा. मोठमोठ्या डब्यांचा आणि पोत्यांचा उगम इथे आहे. ती मापे चार माणसांच्या स्वयंपाकघरासाठी ठरलेली नव्हती, खानावळीच्या भटारखान्यासाठी ठरलेली होती. पहिल्या वर्षी दुकानाला साडेसात लाख डॉलरचा तोटा झाला. मग सरकारी नोकर आणि पतसंस्थांचे सभासद यांच्यासाठी दार उघडले आणि गाडी रुळावर आली. घरगुती ग्राहक त्या दारातून आत आला, पण मापे खानावळीचीच राहिली.

प्राइस यांचा एक विचार या धंद्यात फार गाजला. ते त्याला समजून-उमजून सोडलेली विक्री म्हणत. साध्या दुकानात एका वस्तूचे पाच आकार आणि सात ब्रँड असतात. प्राइस म्हणत, त्यातला एकच ठेवा, जो सर्वांत किफायतशीर असेल तो. ज्याला दुसराच हवा तो परत जाईल. जाऊ द्या. तेवढी विक्री बुडाली तरी चालेल, कारण कमी जिनसा म्हणजे कमी हाताळणी, कमी जागा, कमी नोकरखर्च आणि पुरवठादाराशी घासाघीस करायला मोठी मागणी. त्यातून उरलेला पैसा भावात उतरवायचा.

फेडमार्टमध्ये गाद्या उतरवायला लागलेला अठरा वर्षांचा एक पोरगा हे सगळे पाहत होता. त्याचे नाव जिम सिनेगल. १९८३ साली त्यानेच जेफ्री ब्रॉटमन यांच्यासोबत सिअ‍ॅटल शहरात कॉस्टको सुरू केले. त्याच वर्षी वॉलमार्टच्या सॅम वॉल्टन यांनी सॅम्स क्लब काढला, आणि आपण बऱ्याच कल्पना सोल प्राइस यांच्याकडून घेतल्याचे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले. आजही कॉस्टकोच्या एका दुकानात साधारण चार हजार जिनसा असतात, तर तिकडच्या नेहमीच्या सुपरमार्केटात त्याच्या कित्येक पट. मालावर चौदा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त चढवायचे नाही, असा तिथला दंडक आहे. कंपनीच्या कमाईचा मोठा हिस्सा मालातून येत नाही, सभासदांच्या वर्गणीतून येतो. सोल प्राइस २००९ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी वारले.

हे इतके तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. आपल्याकडची मोठी दुकाने पाहिली की आपल्याला ती तशीच वाटतात. तसे नसते. जर्मनीच्या मेट्रोने २००३ साली बंगळुरूत पहिले घाऊक केंद्र काढले, ते व्यापाऱ्यांसाठी होते. व्यवसायाचा कागद दाखवल्याशिवाय तिथे खरेदी करता येत नसे. २००२ साली पवईत सुरू झालेला डीमार्ट सर्वांसाठी खुला आहे, पण तिथे वर्गणी नाही. जिथे वर्गणी नाही तिथे नफा मालातूनच निघणार. तो धान्यावर कमी आणि कपडे, प्लास्टिकची भांडी, शोभेच्या वस्तू यांवर जास्त निघतो. म्हणून धान्य बहुधा आतल्या टोकाला असते आणि तिथवर पोहोचताना वाटेत बाकी सगळे लागते. यात लबाडी नाही, हा उघड व्यापार आहे. मात्र दुकानदार काय विकायचे हे इतक्या विचाराने ठरवतो, तर काय घ्यायचे हे आपणही तितक्याच विचाराने ठरवायला हवे. प्राइस यांनी समजून विक्री सोडली, आपण समजून खरेदी सोडावी.

मुंबईतली वाटणी

प्राइस क्लब उघडला त्याच्या एक वर्ष आधी, १९७५ च्या गुढीपाडव्याला, मुंबईत एक वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. त्याची पार्श्वभूमी कठीण होती. १९७२ चा दुष्काळ, रॉकेल आणि गोडेतेल यांची टंचाई, चढलेले भाव. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. कामगारवस्तीत सहकारी दुकानाची परंपरा त्याआधीपासून होती. १९४८ साली नायगावमध्ये सुरू झालेल्या संस्थेतूनच 'अपना बाजार' उभा राहिला.

बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेतून निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानच काढले नाही. शेजारपाजारची काही कुटुंबे एकत्र येऊन त्यांचा एक संघ होतो. प्रत्येक घर महिन्याची यादी आणि पैसे आधी देते. पंचायत सगळ्या संघांची मागणी एकत्र करून घाऊक माल उचलते. ठरलेल्या दिवशी तो संघातल्या एका घरी येतो आणि सभासद स्वतः मोजून वाटून घेतात. गल्ला नाही, शोकेस नाही, वाटेत मोहात पाडणारी फळी नाही. यादीत नसलेली वस्तू घरात येतच नाही!

रॉचडेल आणि मुंबईत एक धागा समान आहे. दोन्हीकडे ज्यांच्याकडे एकट्याने पोते उचलण्याइतका पैसा नव्हता, त्यांनी मिळून पोते उचलले. घाऊक खरेदी ही मोटारवाल्यांची सोय आहे असे आज वाटते, पण इतिहासात ती गरजवंतांची युक्ती होती.

मग घ्यायचे काय?

आता भाभीच्या प्रश्नाकडे येतो. एवढ्या इतिहासातून माझ्या हाती लागलेले उत्तर असे आहे.

पहिले, अख्खे घ्या, दळलेले नको. गहू, ज्वारी, तांदूळ, अख्खे मूग, मटकी, चणे, राजमा हे नीट वाळवून हवाबंद ठेवले तर महिनोन् महिने राहतात. नाचणी तर वर्षानुवर्षे टिकते. बिर्याणीचा तांदूळ जुना झाला की उलट चांगला मोकळा शिजतो, तेव्हा त्याची मोठी पिशवी घेण्यात तोटा नाही. मात्र कणीक, बेसन, रवा, मैदा लागेल तेवढेच घ्यावे. रमजानमध्ये भजी रोज होतात, म्हणून बेसन जास्त लागते हे खरे. मग चणाडाळ जास्त आणा आणि आठवड्याला गिरणीतून दळून घ्या.

दुसरे, ज्याला कीड लागत नाही आणि वास उडत नाही ते बिनधास्त घ्या. साखर, मीठ, कपड्यांचा साबण, धुण्याची पावडर. साबण तर जितका सुकेल तितका कमी झिजतो. उलट दळलेला मसाला, चहा यांचा जीव त्यांच्या वासात असतो. डबा वारंवार उघडला की तो जातो. शीरखुर्म्यासाठी बदाम, चारोळी, पिस्ते दरवर्षी जास्त आणले जातात आणि उरलेले खवट होतात. त्यांत तेल असते, ते हवेने आणि उष्णतेने बिघडते. ईदचे माप धरून तेवढेच घ्यावे.

तिसरे, तेलाचा डबा बंद आहे तोवर टिकतो, फुटल्यावर नाही. पंधरा किलोचा डबा चार माणसांच्या घरात महिनोन् महिने उघडा राहणार असेल, तर तो घेऊ नये किंवा वाटून घ्यावा.

चौथे, पिशवीची किंमत पाहू नका, किलोची पाहा. आता वेष्टनावर एककाचा दरही छापलेला असतो, तो बारीक अक्षरात शोधावा. कधी कधी दोन छोट्या पिशव्या एका मोठ्या पिशवीपेक्षा स्वस्त पडतात. आणि वाया जाणारे हिशेबात धरा. समजा डाळ १६० रुपये किलो आहे आणि पाच किलोची पिशवी ७५० ला मिळते. पन्नास रुपये वाचले. त्यातली अर्धा किलो टाकावी लागली, तर पंचाहत्तर रुपये गेले. बचत छापून येते, नासाडी छापून येत नाही.

पाचवे, घराचे माप आपल्याला माहीत हवे. एका महिन्यात किती तेल, किती साखर संपते हे अम्मीला तोंडपाठ आहे, मला आणि भाभीला नाही. दोन महिने वहीत लिहून ठेवले तरी यादी आपोआप तयार होते. त्या यादीबाहेरची वस्तू कितीही स्वस्त असली तरी ती बचत नाही, खर्चच आहे.

लग्न, अकीका, मशिदीतला सामूहिक इफ्तार असे काही असेल, तर ही बंधने सैल होतात. तेव्हा आपले घर चार दिवसांपुरती खानावळच असते, आणि ती पोती मुळात खानावळीसाठीच होती.

शेवटी भिशी

एक गोष्ट मात्र मनात सलत राहते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खाला राहतात. लोकांच्या घरी पोळ्या लाटतात. त्या तेल दोनशे मिलीच्या पिशवीत आणतात, चहा पाच रुपयांच्या पुडीत, डाळ पावशेर. लिटरचा आणि किलोचा हिशेब केला, तर आमच्या सगळ्या इमारतीत सर्वांत महाग किराणा त्याच घेतात. त्यांना हिशेब कळत नाही असे नाही. एका दिवशी त्यांच्या हातात तेवढेच पैसे असतात. ज्याच्याकडे कमी आहे त्याला जास्त मोजावे लागते, ही तऱ्हा रॉचडेलच्या विणकरांपासून बदललेली नाही.

ग्राहक पंचायतीसारखा संघ आमच्या मोहल्ल्यात मी पाहिला नाही. पण भिशी आमच्याकडे जिन्याजिन्यावर आहे. रोख पैसा एकत्र करण्याची शिस्त आणि एकमेकींवरचा भरवसा, या दोन्ही गोष्टी तिथे आधीच आहेत. अम्मीने यंदा एवढेच केले की शाबानच्या भिशीचा पहिला नंबर चिठ्ठी न काढता तळमजल्यावरच्या खालांना दिला, आणि चार घरांची मिळून एक यादी केली. यादीत नऊ जिनसा होत्या. या वेळी भाभी बाजारात गेली ती नऊच घेऊन आली.

सामान आमच्या जिन्यात उतरले. खालच्या भाजीवाल्या चाचांनी तराजू दिला. तीस किलो तूरडाळीचे साडेसात-साडेसात किलोचे चार वाटे झाले, पंधरा किलो तेल नरसाळ्याने चार कॅनमध्ये गेले. खालांनी आपला वाटा दोनदा वजन करून पाहिला आणि अम्मीने तो तिसऱ्यांदाही करू दिला. मग घरून एरंडेलाची बाटली आणली आणि डाळीला कसे चोळायचे ते भाभीला दाखवत त्या दोघी जिन्यातच बसल्या.